पगार वाढला, बायका घटल्या: बांगलादेशच्या कपडा कारखान्यांचं कोडं

बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांचा विषय निघाला की "तिथे ऐंशी टक्के बायकाच कामाला आहेत" हे वाक्य हमखास ऐकू येतं. 1980 आणि 1990 च्या दशकांत ते खरं होतं. अलीकडच्या पाहण्यांत मात्र हा आकडा 55 ते 60 टक्क्यांच्या घरात येतो. एकूण कामगार 40 लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे आजही 20 लाखांहून जास्त बायका तिथे राबतात. पण धंदा वाढत गेला, किमान वेतन वाढत गेलं, इमारती पूर्वीपेक्षा भक्कम झाल्या आणि नेमक्या त्याच काळात बायकांचा वाटा उतरत गेला.

हे उलटं कसं झालं? याचं उत्तर शोधायचं तर बायकांना मुळात आत का घेतलं, इथून सुरुवात करावी लागते. त्यांना आत घेताना मालकांनी जो हिशेब मांडला होता, तोच पुढे त्यांच्या विरोधात गेला.

कोटा, कोरिया आणि चितगाव

1974 साली मल्टी-फायबर अरेंजमेंट नावाचा करार लागू झाला. कुठल्या गरीब देशातून वर्षाला किती कपडे येऊ द्यायचे, याची देशागणिक मर्यादा श्रीमंत देशांना त्यामुळे ठरवता येऊ लागली. यालाच कोटा म्हणत. दक्षिण कोरिया, हाँगकाँग, तैवान इथले कारखाने तेव्हा जोरात होते, त्यांना हा कोटा जाचू लागला. ऑर्डर हातात आहे, पण वर्षाचा कोटा संपलाय, म्हणून माल पाठवता येत नाही, अशी त्यांची गत. बांगलादेश तेव्हा तयार कपडे निर्यात करतच नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यामुळे त्याच्यावर कोटाही नव्हता.

कोरियाच्या देवू कंपनीने ही फट हेरली. नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या देश गारमेंट्सशी तिने 1978 मध्ये करार केला. 1979 मध्ये देश गारमेंट्सची सव्वाशेहून अधिक माणसं सहा महिन्यांसाठी कोरियातल्या पुसानला जाऊन शिवणकाम, कटिंग, दर्जा तपासणी, विक्री असं सगळं शिकून आली. त्यांत काही तरुणीही होत्या. चितगावात कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत या शिकून आलेल्यांपैकी बहुतेक जण नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. देश गारमेंट्सचं नुकसान झालं असेल, पण एका अख्ख्या देशाच्या निर्यातीची पायाभरणी या गळतीतून झाली. आज बांगलादेशच्या निर्यातीच्या उत्पन्नात 80 टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे.

आता थोडी बँकेची भाषा. ती कंटाळवाणी वाटेल, पण बायकांच्या पगाराचं मूळ तिथेच आहे. बांगलादेशाने निर्यातदारांना 'बॅक-टू-बॅक एलसी'ची सोय दिली. परदेशी गिऱ्हाइकाने दिलेलं पतपत्र (एलसी, म्हणजे माल मिळाला की पैसे देण्याची बँकेची हमी) बँकेकडे ठेवायचं, त्याच्या जोरावर कापड मागवण्यासाठी दुसरं पतपत्र उघडायचं आणि कपड्यांचे पैसे आले की कापडवाल्याचं देणं भागवायचं. बाहेरून आलेलं कापड आयातशुल्क न भरता बाँडेड गोदामात ठेवायचीही मुभा होती. म्हणजे मालकाला कापडासाठी आधी पैसा घालावा लागेना. एक मोठी खोली, शिलाई मशिनं आणि महिन्याचे पगार एवढं जमलं की कारखाना सुरू. कापड परदेशी, बटणं परदेशी, डिझाइन गिऱ्हाइकाचं. मालकाच्या हातात कमी-जास्त करण्यासारखा मोठा खर्च एकच उरला, मजुरी.

मग सगळ्यात स्वस्तात कोण येईल? पुरुष रिक्षा ओढू शकत होता, बांधकामावर जाऊ शकत होता, आखाताची वाट धरू शकत होता. गावाकडच्या गरीब घरातल्या मुलीपुढे घरकाम, धान्य सडणं-वाळवणं किंवा माती वाहणं याखेरीज फारसं काही नव्हतं. ज्याला दुसरीकडे काही मिळण्यासारखं नाही, तो कमी पैशात तयार होतो. बायकांना कारखान्याचं दार उघडलं ते या एका हिशेबाने. त्यात स्त्रीमुक्तीचा विचार शोधायला जाऊ नये.

मालक लोक अर्थातच हे असं बोलत नसत. बायकांची बोटं नाजूक, त्यांच्यात चिकाटी असते, त्या नीटनेटक्या असतात, असं सांगितलं जाई. डायान एल्सन आणि रूथ पिअरसन या अभ्यासकांनी 1981 मध्येच या युक्तिवादाची शिवण उसवली होती. मुलगी लहानपणापासून घरात टाके घालत, निवडत-टिपत जे शिकते ते कौशल्यच असतं. फक्त ते आईने फुकट शिकवलेलं असतं. त्याला निसर्गाची देणगी म्हटलं की त्याचे पैसे मोजावे लागत नाहीत.

ढाक्यात बाहेर, लंडनमध्ये घरात

इथे एक सोपं उत्तर तयार असतं: संस्कृती. पडदापद्धतीच्या समाजात बायका बाहेर पडत नाहीत, पुढारलेल्या देशात पडतात. नायला कबीर यांच्या अभ्यासाने याला चांगलाच धक्का दिला. त्यांनी ढाक्यातल्या आणि लंडनमधल्या बांगलादेशी बायकांची तुलना केली. दोन्हीकडच्या बायका कपडेच शिवत होत्या. पण ढाक्यातल्या रस्त्यावरून चालत कारखान्यात जात होत्या आणि लंडनमधल्या घरी बसून तुकड्यांवर शिवत होत्या! लंडनमध्ये आपल्या वस्तीच्या नजरा, बाहेरचा वंशद्वेष, घराजवळ मिळणारं तुकड्यांचं काम आणि सरकारी मदतीचा आधार अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या. ढाक्यात मात्र गरज टोकाची होती, आणि कारखान्यात जाणाऱ्या मुलींची संख्याच इतकी वाढली की बोलणाऱ्यांची तोंडं हळूहळू थकली. धर्म तोच, भाषा तीच. आजूबाजूला कुठलं काम मिळतं आणि किती जणी सोबत आहेत, यावर बाहेर पडणं ठरत होतं.

या कामाने मुलींच्या आयुष्यात काय बदललं, याचीही मोजदाद झाली आहे. रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक या अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांच्या जवळची आणि लांबची गावं ताडून पाहिली. जवळच्या गावांतल्या मुलींची लग्नं उशिरा होत होती, पहिलं मूल उशिरा होत होतं आणि त्यांचं शिक्षणही जास्त होत होतं. शिक्षणाचं कारण मला फार बोलकं वाटतं. कारखान्यात ऑपरेटर व्हायचं तर थोडं लिहिता-वाचता, मोजता यावं लागतं. मुलीच्या शाळेला बाजारात किंमत आहे हे आईबापांना दिसलं. मुलींना शाळेत ठेवण्यासाठी सरकार जी मोठी पैशांची योजना राबवत होतं, तिच्यापेक्षाही कारखान्यांचा परिणाम या अभ्यासात कितीतरी मोठा दिसला.

म्हणजे हे काम चांगलं की वाईट? दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. घरात बसून राहण्यापेक्षा किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासण्यापेक्षा ते चांगलं, हे तिथल्या बायकाच वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. पण "दुसऱ्या पर्यायापेक्षा बरं" एवढ्यावर समाधान मानलं की पगार नेमका त्या दुसऱ्या पर्यायाच्या वर थोडासाच राहतो.

पगाराची चिठ्ठी

किमान वेतनाचा आलेख पाहा. 1994 मध्ये महिन्याला 930 टाका (टाका हे बांगलादेशचं चलन). त्यानंतर तब्बल 12 वर्षं काही हललं नाही आणि 2006 मध्ये ते 1,662 टाका झालं. 2010 मध्ये 3,000, 2013 मध्ये 5,300, 2018 मध्ये 8,000. 2023 च्या शेवटी, कामगारांचे जीव गेलेल्या आंदोलनानंतर, 12,500. संघटनांची मागणी 20 हजारांच्या वर होती.

हे 12,500 टाका एकसंध नाहीत. मूळ पगार 6,700, घरभाडं 3,350, जेवण 1,250, औषधपाणी 750, प्रवास 450. ही फोड उगाच केलेली नाही. ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर निघतो. मूळ पगाराला महिन्याच्या 208 तासांनी भागायचं आणि दुप्पट करायचं, म्हणजे तासाला साधारण 64 टाका. एकूण रकमेवर हिशेब केला असता तर तो 120 च्या आसपास गेला असता. कागदावर ओव्हरटाइम दुप्पट दराने आहे, पण हातात पडणारा दर साध्या तासाच्या एकूण मोबदल्यापेक्षा जेमतेम चार टाका जास्त. तरीही सगळे ओव्हरटाइम मागतात, कारण नुसत्या पगारात भागत नाही.

आता शिवणाच्या लाइनवर या. एक टी-शर्ट कुणी एकटी शिवत नाही. एक जण खांदा जोडते, पुढची गळ्याची पट्टी लावते, तिसरी बाही, मग बाजूची शिवण, मग खालची दुमड. ओव्हरलॉक मशीनवर बसलेली बाई दिवसभर फक्त बाही लावत राहते. घड्याळ घेऊन प्रत्येक कृतीचा प्रमाणवेळ ठरवलेला असतो. समजा बाही लावायला अर्धा मिनिट ठरला, तर तासाला 120 बाह्या. लाइनच्या तोंडाशी फळ्यावर तासातासाचं टार्गेट आणि प्रत्यक्षातला आकडा लिहिलेला असतो. एक जण मागे पडली की तिच्यापुढच्या सगळ्या रिकाम्या बसतात, त्यामुळे ओरडायला लाइन चीफ येतो. लाइनीत धागे कापायला, तुकडे पुढे सरकवायला हेल्पर असतात. कारखान्यात पहिल्यांदा येणारी मुलगी बहुधा इथेच लागते आणि मधल्या वेळात मशीनवर हात बसवून ऑपरेटर होते.

स्वस्त याच्या बरोबरीने मालकांना आणखी एक गुण हवा होता, ऐकणाऱ्या बायका. 23 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरच्या कपडा कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावलं. 24 तारखेला सकाळी इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली, त्यांत बायका जास्त. आदल्याच नोव्हेंबरात ताझरीन कारखान्याला लागलेल्या आगीत शंभरावर कामगार मेले होते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा सुरक्षा करार झाला, शेकडो कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दारं, वायरिंग सुधारलं. हे खरोखर मोठं काम झालं. त्याची दुसरी बाजू म्हणजे सुधारणेचा खर्च न झेपणारे लहान कारखाने बंद पडले, मोठे अधिक मोठे झाले. आणि मोठा कारखाना म्हणजे नवीन मशिनं.

वाटा का उतरला

पहिलं कारण पगारच. 930 टाकांवर काम करायला पुरुष फारसे येत नव्हते. पगार वाढला तसे ते येऊ लागले. स्वस्त म्हणून घेतलेली बाई महाग झाली, तेव्हा मालकाच्या डोळ्यांपुढे तिच्याइतकाच महाग पुरुषही उभा होता, आणि तो रात्री दहानंतरही थांबायला तयार होता. बांगलादेशच्या 2006 च्या कामगार कायद्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. पण कायद्यापेक्षा घरची चूल जास्त आडवी येते. बारा तासांनंतर तिला अजून स्वयंपाक करायचा असतो.

दुसरं कारण मालाचं. सुरुवातीला बाहेरचं कापड आणून शर्ट-पँट शिवायचं काम जास्त होतं, म्हणजे जवळपास सगळी शिलाई. पुढे टी-शर्ट, स्वेटर असे विणीचे कपडे वाढले आणि त्यांचं सूत, कापड, रंगाई देशातच होऊ लागली. विणाई, रंगाई, धुलाई ही खाती पहिल्यापासून पुरुषांची. कपड्यात देशाची कमाई वाढली, पण वाढीव कामाचा मोठा भाग पुरुषांकडे गेला.

तिसरं कारण मशिनं, आणि इथे बारकाईने पाहायला हवं. मशीन आलं की बायका आपोआप बाहेर जात नाहीत. धागा आपोआप कापणारं शिलाई मशीन आलं की ऑपरेटर राहते, हेल्पर जाते. म्हणजे नव्या मुलीची आत येण्याची पायरीच नाहीशी होते. स्वेटरच्या कारखान्यात संगणकावर चालणारी, विणाई करणारी जॅकार्ड यंत्रं आली. एक माणूस एकाच वेळी बरीच यंत्रं सांभाळतो आणि तो बहुधा पुरुष असतो. आपोआप कापड कापणाऱ्या यंत्रावरही तोच. बटणं दाबून चालणारं यंत्र चालवायला ताकद लागत नाही. लागतं ते प्रशिक्षण, आणि ते द्यायचं ठरवताना व्यवस्थापक विचार करतो की ही लग्न करेल, बाळंतपणाला जाईल, गावी परतेल. मग तो शेजारच्या मुलाला पाठवतो. ती टिकणार नाही म्हणून तिला शिकवायचं नाही, आणि शिकवलं नाही म्हणून ती टिकत नाही.

चौथं कारण मूल. कायद्याप्रमाणे 40 किंवा अधिक बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. खोली बऱ्याच ठिकाणी असते. पण पहाटे गच्च भरलेल्या गाडीतून बाळाला घेऊन येणं कुणाला जमतं? बाळ गावी आजीकडे ठेवलं जातं किंवा आई काम सोडते. तिशी उलटलेल्या बायका लाइनवर कमी दिसतात, त्यामागे थकलेले डोळे-पाठ आहेत आणि हेही आहे.

घट झाली म्हणजे सगळीच हानी, असंही नाही. दहावी-बारावी झालेल्या मुलीला आता कारखान्यापेक्षा शाळेतली, दवाखान्यातली, दुकानातली नोकरी हवी असते. ती नोकरी मिळाली तर वाटा उतरल्याचं दुःख कशाला? मिळाली नाही आणि ती घरी बसली, तर मात्र तो तोटाच.

हे एकट्या बांगलादेशाचंही नाही. मेक्सिकोच्या सीमेवरच्या निर्यात कारखान्यांत 1980 च्या सुमारास चारांत तीन बायका होत्या, वीस-पंचवीस वर्षांत त्या निम्म्याच्या आसपास आल्या. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात पाचांत एक कामगार बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, 1929 मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, मग वाइंडिंगची नवी यंत्रं आली आणि बायका पद्धतशीर कमी केल्या गेल्या. 1982 चा गिरणी संप झाला तोवर त्या नावापुरत्या उरल्या होत्या. रजेचा खर्च मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकला की मालक बाईलाच टाळतो, हा धडा आपल्याकडे तेव्हाच मिळाला होता.

वीसांत एक

लाइनवर इतक्या बायका, तर त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांत किती? साधारण दशकभरापूर्वीच्या अभ्यासांत शिवणाच्या लाइनींवर पाचांत चार कामगार बायका होत्या आणि पर्यवेक्षकांत वीसांत जेमतेम एक. काही अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांना सोबत घेऊन प्रयोग केला. ऑपरेटर बायका आणि पुरुष निवडून त्यांना पर्यवेक्षकाचं सारखंच प्रशिक्षण दिलं आणि लाइनवर नेमून पाहिलं. मशीनच्या ज्ञानाच्या चाचणीत दोघांत फरक नव्हता. हाताखालच्या कामगारांची समजूत मात्र अशी की बाईला मशीनमधलं कळत नाही. आणि असं मानणाऱ्यांत बायकाही होत्या. सुरुवातीला बाई पर्यवेक्षक असलेल्या लाइनींचं काम थोडं मागे पडलं. काही महिन्यांत फरक मिटत गेला.

ते मधले महिने हीच अडचण आहे. प्रशिक्षणाचा खर्च आता काही कार्यक्रमांत आंतरराष्ट्रीय संस्था उचलतात. त्या काळात लाइन मागे पडली तर ते मालकाला सोसावं लागतं. मालाची तारीख चुकली की गिऱ्हाईक किंमत कापतं किंवा बोटीऐवजी विमानाने माल मागवतं, आणि विमानाचं भाडं कारखान्याच्या माथी बसतं. मग पुढच्या ऑर्डरच्या वेळी लाइन चीफची जागा रिकामी झाली की व्यवस्थापक पुन्हा ओळखीच्या पुरुषालाच बोलावतो.